ग्रंथालयातील दोन कप्पे : घरगुती रहस्यकथा आणि डाउन सिंड्रोमवरील पुस्तके

ग्रंथालयाची देवघेव नोंदवही चाळली म्हणजे वाचकाच्या मनाचा बराच ठाव लागतो. एकाच सभासदाच्या नावापुढे पुष्कळदा अशी दोन पुस्तके आढळतात की, त्यांचा परस्परांशी काही संबंध असेल असे वाटू नये. त्यांपैकी एक असते रहस्यकथा, तीही एखाद्या मालिकेतील. आणि दुसरे असते मुलाच्या वाढीसंबंधीचे, त्याच्या दिव्यांगत्वासंबंधीचे. ज्या घरात डाउन सिंड्रोम असलेले मूल वाढत असते, त्या घरातील आई, आत्या किंवा आजोबा अशा रीतीने दोन कप्प्यांतून पुस्तके नेतात. पहिले रात्री मूल झोपल्यावर हाती घ्यावयाचे, दुसरे दिवसा शंका आली की उघडावयाचे. यांतले एक कामाचे आणि दुसरे वेळ घालविण्याचे, असा शेरा ग्रंथपालाने मारण्याचे कारण नाही. या दोन कप्प्यांचे नाते वरवर दिसते त्याहून जवळचे आहे, आणि गावच्या शाळेला व पंचायतीला त्यापासून काही घेण्यासारखे आहे.

प्रथम रहस्यकथेचा कप्पा. रहस्यकथा म्हटली की रक्तपात, गुंडांच्या टोळ्या आणि अंधाऱ्या गल्ल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु इंग्रजी वाङ्मयात या प्रकाराची एक शांत शाखा आहे, तिला तिकडे 'कोझी' म्हणतात. या शब्दाचा अर्थ उबदार, घरच्यासारखा. येथे गुन्हा घडतो, पण तो पडद्याआड. क्रौर्याची वर्णने नाहीत. स्थळ एखादे खेडे अथवा लहान गाव, जेथे सर्व एकमेकांना ओळखतात. शोध घेणारी व्यक्ती बहुधा पोलीस खात्यातील नसते. ती असते शेजारची एखादी वृद्धा, पुस्तकविक्रेता, निवृत्त शिक्षक. आणि मुख्य म्हणजे या कथा मालिकेने येतात. तीच माणसे, तेच रस्ते, तीच चहाची वेळ पुस्तकामागून पुस्तकात भेटत राहते. थकलेल्या वाचकाला त्यामुळे नव्या जगाची ओळख करून घेण्याचे कष्ट पडत नाहीत. पहिल्या पानावरच तो ओळखीच्या अंगणात येऊन बसतो.

अॅगाथा ख्रिस्ती या लेखिकेने १९२७ साली एका मासिकातील कथेत मिस मार्पल ही वृद्ध अविवाहिता प्रथम आणली आणि १९३० मध्ये तिची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. पुढे १२ कादंबऱ्या आणि २० कथा एवढा या बाईंचा संसार वाढला. मिस मार्पल सेंट मेरी मीड या काल्पनिक खेड्यात राहतात, लोकर विणतात, बागेत काम करतात आणि दुर्बिणीने पक्षी पाहत असल्याची सबब सांगून शेजाऱ्यांवरही लक्ष ठेवतात. त्यांच्यापाशी ना प्रयोगशाळा, ना अधिकार. आयुष्यभर माणसे बारकाईने पाहिली, एवढेच त्यांचे भांडवल. पहिल्या कादंबरीत त्यांच्यासमोर इन्स्पेक्टर स्लॅक नावाचा अधिकारी उभा केला आहे. तो उत्साही आहे, मेहनती आहे, परंतु घाईचा आहे. समोरच्याचे बोलणे पुरते ऐकून घेण्याआधीच त्याचा निष्कर्ष तयार असतो. ही जोडी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

ही शाखा अद्याप हिरवी आहे. अलेक्झांडर मॅकॉल स्मिथ यांनी १९९८ पासून आफ्रिकेतील बोट्स्वाना देशाच्या पार्श्वभूमीवर लिहिलेल्या मालिकेत राजधानी गॅबोरोने येथे गुप्तहेर कचेरी चालविणारी मा रामोत्स्वे ही बाई आहे. तिच्या घरी दत्तकवत् आलेली एक मुलगी चाकाच्या खुर्चीवर वावरते आणि तिला मोटारींच्या यंत्रांचे वेड आहे. लेखक तिच्याविषयी अश्रू ढाळत बसत नाही. ती गॅरेजमध्ये जाते, इंजिनाचा आवाज ऐकते आणि प्रश्न विचारते. रिचर्ड ऑस्मन यांच्या २०२० मधील कादंबरीत तर निवृत्तांच्या वसाहतीतील चार वृद्ध दर गुरुवारी जमून जुन्या प्रकरणांचा छडा लावतात.

मराठी वाचकाला या गोष्टी सर्वस्वी परक्या नाहीत. बाबूराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहून कित्येक पिढ्यांना वाचनाची गोडी लावली, ही गोष्ट त्यांच्यावर नाके मुरडणाऱ्यांनाही मान्य करावी लागते. त्यांचे झुंजार आणि धनंजय मात्र साहसाच्या वाटेने जाणारे. त्यांना घरगुती म्हणता येणार नाही. त्या वर्णनाला अधिक जवळ जातो तो भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा हा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकलवरून हिंडतो आणि मोठ्यांच्या नजरेतून निसटलेली खूण नेमकी टिपतो. सत्यजित राय यांचा फेलूदा १९६५ साली बंगालीत अवतरला आणि अशोक जैन यांच्या अनुवादामुळे मराठी मुलांच्याही ओळखीचा झाला. ही पुस्तके तालुक्याच्या ग्रंथालयात सहसा असतात. कपाटाला कुलूप असते तो भाग वेगळा.

आता ख्रिस्तीबाईंच्या एका विशिष्ट कादंबरीकडे वळणे अगत्याचे आहे. १९५३ साली निघालेल्या 'अ पॉकेट फुल ऑफ राय' या कादंबरीत एका धनाढ्य कुटुंबाच्या घरात विषप्रयोग होतो. त्याच घरात ग्लॅडिस नावाची मोलकरीण आहे. अनाथाश्रमात वाढलेली, भोळसट, सांगेल त्यावर विश्वास ठेवणारी, बुद्धीने मंद समजली जाणारी. तिचाही खून होतो आणि मारेकरी तिच्या नाकाला कपडे वाळत घालण्याचा चिमटा लावून ठेवतो. मिस मार्पल यांनी या मुलीला एके काळी घरकामाचे शिक्षण दिलेले असते. वर्तमानपत्रातील बातमी वाचून त्या आगगाडीने त्या घरी येऊन दाखल होतात. श्रीमंत यजमानाच्या मृत्यूने त्यांना तेथे आणलेले नाही. त्यांना संताप आला आहे तो त्या चिमट्याचा. जिला कोणी मोजत नव्हते अशा मुलीच्या मृतदेहाची कोणी थट्टा करावी, हे त्यांना सहन होत नाही. संपूर्ण कादंबरीत ही म्हातारी शांतपणे वावरते. मनात मात्र ही एकच आग असते. ग्लॅडिसला डाउन सिंड्रोम नव्हता, हे स्पष्ट केले पाहिजे. परंतु 'मंद' म्हणून बाजूला सारलेल्या माणसाची प्रतिष्ठा हा विषय एका लोकप्रिय रहस्यकथेच्या केंद्रस्थानी आला, आणि तोही १९५३ साली, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. कारण त्याच वर्षी दुसऱ्या कप्प्यातील एक फार गाजलेले पुस्तक अमेरिकेत प्रसिद्ध झाले. त्याकडे वळण्यापूर्वी मात्र त्या कप्प्याच्या इतिहासात थोडे मागे जावयास हवे.

इंग्लंडमधील सरे परगण्यात अर्ल्सवुड येथे बौद्धिक दिव्यांगांसाठी एक मोठी संस्था होती. जॉन लँगडन डाउन हे वैद्य १८५८ पासून तिचे अधीक्षक होते. १८६६ साली त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. आपल्या संस्थेतील काही मुलांचे चेहरे एकमेकांशी इतके मिळतेजुळते आहेत की ती एकाच घरची वाटावीत, हे त्यांनी अचूक हेरले. निरीक्षण बरोबर होते. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकला. डोळ्यांची ठेवण पाहून त्यांनी या मुलांना मंगोल वंशाशी जोडले आणि त्या काळच्या वंशकल्पनांतून एक अवमानकारक नाव शास्त्रात रूढ झाले. ते जवळजवळ शंभर वर्षे टिकले. १९६१ मध्ये काही शास्त्रज्ञांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातून ते सोडून द्यावे असे सुचविले. १९६५ मध्ये मंगोलियाच्या प्रतिनिधींनी जागतिक आरोग्य संघटनेकडे त्याविषयी नापसंती कळविल्यावर संघटनेने ते टाकले. डाउन यांच्याविषयी एवढे सांगितलेच पाहिजे की, ते निर्दय नव्हते. मुलांना मारहाण न करता शिकवावे, त्यांच्याकडून कामे करवून घ्यावीत, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या त्यांच्या एका नातवालाच ही स्थिती होती.

खरे कारण सापडले १९५९ साली. पॅरिसमध्ये मार्थ गोतिये, जेरोम लजून आणि रेमों त्युर्पें यांच्या संशोधनातून असे दिसले की, माणसाच्या पेशीत सामान्यतः ४६ गुणसूत्रे असतात, या मुलांत ती ४७ असतात. एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. पेशींची वाढ करून त्यांतील गुणसूत्रे मोजण्याचे प्रयोगशाळेतील कष्टाचे काम गोतियेबाईंनी उभे केले होते, तरी दीर्घकाळ नाव गाजले ते लजून यांचे. रहस्यकथेच्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. एकविसाव्या गुणसूत्राच्या तीन प्रती, म्हणून तिसऱ्या महिन्याची एकवीस तारीख, २१ मार्च, हा जागतिक डाउन सिंड्रोम दिन संयुक्त राष्ट्रसंघातर्फे २०१२ पासून पाळला जातो.

जगात सुमारे हजार जन्मांमागे एक मूल या स्थितीसह जन्मते. हा रोग नव्हे, तो संसर्गाने होत नाही, आईच्या कोणत्याही पापाचे किंवा ग्रहणातील चुकीचे ते फळ नव्हे. आईचे वय वाढते तशी शक्यता वाढते हे खरे. पण तरुण मातांची संख्याच अधिक असल्याने अशी पुष्कळशी मुले तरुण मातांच्याच पोटी येतात. सुमारे निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा दोष असतो. श्रवणदोष आणि थायरॉइडची तक्रारही वरचेवर आढळते. हे दोष वेळीच तपासून उपचार होऊ लागल्यामुळे, शंभर वर्षांपूर्वी जेथे ही मुले दहा वर्षांच्या आसपासच दगावत, तेथे प्रगत देशांत आज सरासरी आयुर्मान साठ वर्षांच्या घरात आले आहे.

तथापि या साऱ्या काळात मूल जन्मल्याबरोबर चेहरा पाहून निकाल सांगण्याची रीत चालूच होती. हे मूल चालणार नाही, बोलणार नाही, वाचणे तर दूरच. संस्थेत ठेवा आणि विसरून जा. घाईच्या इन्स्पेक्टर स्लॅकने खूण अचूक ओळखावी आणि पुढचा तपास बंद करावा, तसाच हा प्रकार. पुस्तकांचा दुसरा कप्पा उभा राहिला तो या निकालाविरुद्ध.

वर उल्लेखिलेले १९५३ मधील पुस्तक म्हणजे 'एंजल अनअवेअर'. डेल इव्हान्स रॉजर्स या चित्रपट अभिनेत्रीची मुलगी रॉबिन हिला डाउन सिंड्रोम होता. दुसरा वाढदिवस दोन दिवसांवर आला असता, १९५२ साली ती वारली. अशी मुले दृष्टिआड ठेवण्याच्या त्या काळात एका प्रसिद्ध आईने आपले मूल लपविले नाही, हे या पुस्तकाचे मोल. मृत बालिका स्वर्गातून बोलते अशी त्याची मांडणी आहे. ती आजच्या वाचकाला थोडी भाबडी वाटेल, आणि मुलाला देवदूत करून टाकण्यातही एक धोका आहे : देवदूताला शाळेत घालावे लागत नाही. तरीही हजारो अमेरिकन पालकांनी या पुस्तकानंतर आपल्या मुलांना उघडपणे घराबाहेर आणले.

येथे आपल्याकडची एक गोष्ट आठवते. ती पुस्तकाची नाही, शाळेची आहे, आणि 'एंजल अनअवेअर'च्याही आधीची आहे. मुंबईत जय वकील या मातेच्या दीना नावाच्या मुलीला डाउन सिंड्रोम होता. तिला घेईल अशी शाळा शहरात नव्हती. तेव्हा १९४४ साली जय वकील आणि त्यांचे पती डॉ. होरमसजी वकील यांनी घरातच अशा मुलांसाठी शाळा सुरू केली. आज शिवडी येथे असलेली जय वकील संस्था ती हीच. गुणसूत्राचा शोध लागण्यास अद्याप पंधरा वर्षे अवकाश होता. मुलगी शिकू शकते हे ओळखण्यासाठी त्या मातेला त्याची वाट पाहावी लागली नाही.

या कप्प्यातील सर्वांत विलक्षण पुस्तक १९६७ साली इंग्लंडमध्ये निघाले, 'द वर्ल्ड ऑफ नायजेल हंट'. योगायोग असा की, महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमही त्याच वर्षीचा. नायजेल हंट हा डाउन सिंड्रोम असलेला तरुण. तो अगदी तान्हा असताना त्याच्या आईवडिलांना सांगण्यात आले होते की, कितीही माया केली, कितीही शिकविले, तरी काही उपयोग होणार नाही. आई ग्रेस हिने हे ऐकून घेतले आणि बाजूला ठेवले. खेळता खेळता तिने त्याला अक्षरांचे आवाज शिकविले, आवाजांतून शब्द, शब्दांतून वाक्य. वडील शाळेचे मुख्याध्यापक होते. टंकलेखन यंत्राचा उपयोग नायजेल त्यांच्याकडून शिकला. आणि मग त्याने स्वतः बसून, स्वतःच्या बोटांनी आपली हकीकत टंकलिखित केली : प्रवास, संगीत, वाटेत भेटलेली माणसे, झालेल्या फजित्या. डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीने लिहिलेले हे पहिले पुस्तक मानले जाते. लायोनेल पेनरोज या आनुवंशशास्त्रातील नामांकित शास्त्रज्ञाने त्याची प्रस्तावना लिहिली.

हे पुस्तक वाचताना एक गोष्ट जाणवते. त्यात कोठेही कैफियत नाही. नायजेलला काही सिद्ध करावयाचे नाही. त्याला काय घडले ते सांगावयाचे आहे. आजवर ज्यांच्याविषयी वैद्य बोलत, पालक बोलत, धर्मोपदेशक बोलत, त्यांच्यापैकी एकाने प्रथमच स्वतः साक्ष दिली. तपास फिरतो तो अशाच ठिकाणी, ज्याला कोणी विचारले नव्हते तो साक्षीदार बोलू लागतो तेव्हा. उपशीर्षकात मात्र तेव्हा रूढ असलेला जुना अवमानकारक शब्दच छापला गेला.

पुढची पायरी १९९४ मधील 'काउंट अस इन'. जेसन किंग्सले आणि मिचेल लेविट्झ या दोन अमेरिकन तरुणांनी संवादरूपाने लिहिलेले हे पुस्तक. शाळा, मैत्री, लग्नाचे विचार, स्वतंत्र राहणे, मतदान, अशा विषयांवर दोघे मित्र मोकळेपणी बोलतात, वादही घालतात. जेसनच्या जन्मवेळी त्याच्या आईवडिलांना तोच जुना निकाल ऐकविण्यात आला होता. मोठा झाल्यावर जेसनने त्या डॉक्टरांना उद्देशून आपले म्हणणे पुस्तकात मांडले आहे. त्याची आई एमिली पर्ल किंग्सले दूरचित्रवाणीवरील मुलांच्या कार्यक्रमाची लेखिका. इटलीला जाण्यास निघालेला प्रवासी हॉलंडला उतरतो, या कल्पनेवर तिने १९८७ साली लिहिलेला छोटा लेख जगभर पालकांना वाचून दाखविला जातो. कादंबऱ्यांत किम एडवर्ड्स यांची २००५ मधील 'द मेमरी कीपर्स डॉटर' सांगता येईल. जुळ्यांपैकी मुलगी जन्मतःच दूर पाठवून आईला ती मेली असे सांगणाऱ्या डॉक्टरची ती कथा. एका खोट्याने घर कसे पोखरले जाते याचे ते चित्रण रहस्यकथेइतकेच धरून ठेवते. मराठीत पुस्तकांची या बाबतीत अजून चणचण आहे. २०१४ मधील 'यलो' हा चित्रपट मात्र पुष्कळांनी पाहिला असेल. पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ हिच्या जीवनावर तो आधारलेला असून तिने स्वतः त्यात काम केले आहे.

येथवर डाउन सिंड्रोमविषयी वाचणाऱ्यांचा विचार झाला. परंतु नायजेलचे उदाहरण आणखी एक प्रश्न विचारते : डाउन सिंड्रोम असलेली व्यक्ती स्वतः वाचक होऊ शकते, तर तिच्यासाठी ग्रंथालयात काय आहे?

१९८० च्या सुमारास इंग्लंडमधील पोर्टस्मथ येथील मानसशास्त्रज्ञ स्यू बकली यांना एका वडिलांचे पत्र आले. आपल्या मुलीला तिसऱ्या वर्षापासून शब्दांच्या पट्ट्या दाखवून वाचावयास शिकविले, आणि वाचनामुळे तिचे बोलणे सुधारले, असे त्यांनी कळविले होते. त्या पत्रातून संशोधनाची एक दीर्घ परंपरा निघाली. या मुलांची ऐकलेले ध्यानात ठेवण्याची शक्ती अनेकदा कमी पडते. त्यात श्रवणदोष असला तर बोललेला शब्द हवेतच विरून जातो. डोळ्यांनी पाहिलेले मात्र त्यांच्या मनात अधिक चांगले ठसते. छापील शब्द समोर स्थिर राहतो, पुन्हा पाहता येतो. यास्तव बोलणे आल्यावर वाचन, असा नेहमीचा क्रम धरून बसण्याचे कारण उरत नाही; वाचनाच्या आधाराने बोलणे येऊ शकते. पद्धत साधी आहे. प्रथम सारख्या पट्ट्या जुळवावयाच्या, मग सांगितलेली पट्टी उचलावयाची, आणि शेवटी पट्टी पाहून शब्द म्हणावयाचा. पहिले शब्द घरातल्या माणसांच्या नावांचे. ग्रेस हंट यांनी अक्षरांच्या आवाजांपासून आरंभ केला, पोर्टस्मथला अखंड शब्दांपासून. दोन्ही वाटांनी मुले पोचली, हे शिक्षकांनी ध्यानात घ्यावे.

मराठीपुरती एक अडचण ध्यानात ठेवली पाहिजे. ह्रस्व इकार लिहिला जातो अक्षराच्या आधी आणि उच्चारला जातो नंतर. जोडाक्षरांत तर अर्धी अक्षरे एकमेकांत शिरतात. बाराखडी पाठ झाल्याशिवाय पुस्तक हाती द्यावयाचे नाही असा नियम ठेवला तर हे मूल बाराखडीतच अडकून पडते. 'आजी', 'बाबा', 'ताई', 'चहा' असे शब्द चित्रासारखे अखंड ओळखू लागल्यावर अक्षरांकडे मागाहून वळता येते. सर्वच मुले सारखी मजल मारतील असे मात्र नाही. काही जण कादंबरी वाचतील, काही जण पाट्या आणि नावे वाचतील, काहींना ऐकण्यातच आनंद असेल. त्यावरून कोणाची किंमत ठरवावयाची नाही.

मालिकेचे पुस्तक उपयोगी पडते ते येथे. नव्या वाचकावर सर्वांत मोठे ओझे पडते ते नव्या नावांचे आणि नव्या जागांचे. मालिकेत ते एकदाच उचलावे लागते. पात्रे ओळखीची झाली की पुढच्या पुस्तकात लक्ष फक्त काय घडले याकडे राहते. रहस्यात एक प्रश्न पहिल्या पानापासून शेवटपर्यंत टिकतो, त्यामुळे पान उलटण्याची इच्छा राहते. आणि घरगुती रहस्यात भीती बेताची असते. वीस वर्षांच्या तरुणाला चिऊकाऊची गोष्ट देणे हा त्याचा अपमान आहे. त्याला त्याच्या वयाचा विषय, सोप्या वाक्यांत हवा असतो.

असे तयार पुस्तक मराठीत मिळाले नाही तर ते घरी किंवा शाळेत करता येते. आठ पानांची वही, घरच्या माणसांची छायाचित्रे, पानावर एकच वाक्य. 'आजीचा चष्मा कोठे गेला?' हे पहिले पान. मग स्वयंपाकघर, देवघर, गोठा, ओसरी. प्रत्येक पानावर 'येथे नाही' एवढेच. शेवटच्या पानावर आजोबा वर्तमानपत्र वाचताना, आणि चष्मा त्यांच्या नाकावर. पुढच्या वहीत बाबांची चप्पल हरवावी, त्याच्या पुढच्या वहीत शाळेची घंटा. माणसे तीच. शोधणारा मात्र दर वेळी तो मुलगा किंवा ती मुलगीच असावी. तिसऱ्या वहीपर्यंत 'येथे नाही' हे शब्द मूल स्वतः म्हणू लागले तर शिक्षकाने आश्चर्य करू नये. अशा वह्या ग्रंथालयाने दाखल नोंदवहीत क्रमांक देऊन ठेवाव्यात.

दोन कप्प्यांत एक महत्त्वाचा भेद आहे, आणि तो ग्रंथपालाच्या कक्षेतला आहे. रहस्यकथा शिळी होत नाही. १९३० मधील मिस मार्पल आजही तितक्याच चवीने वाचता येते; फार तर जुन्या लेखनात अपंगांविषयी सहज येऊन गेलेले शब्द वाचकाला खटकतील, आणि ते खटकलेले बरे. डाउन सिंड्रोमवरील पुस्तक मात्र शिळे होते, आणि शिळे झाल्यावर अपाय करते. अनेक ग्रंथालयांत पन्नास-साठ वर्षांपूर्वीची बालसंगोपनाची व मानसशास्त्राची पुस्तके अजून फळीवर आहेत. त्यांत जुनी नावे आहेत, 'शिक्षणास अपात्र' असे वर्ग आहेत, अल्प आयुष्याची भाकिते आहेत. नवे मूल घरी आलेली एखादी आई नेमके तेच पुस्तक घेऊन गेली तर तिला १९५० सालचा निकाल आज ऐकावा लागतो. अशी पुस्तके काढून अभ्यासकांसाठी वेगळी ठेवावीत. फळीवरच्या पुस्तकाचे प्रकाशनवर्ष आतल्या पानावर तपासण्यास एक दुपार पुरते.

त्या आईला पुस्तकाबरोबर आणखी चार गोष्टी ग्रंथालयातच कळल्या तर फेरे वाचतील. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून ज्या जन्मजात दोषांची तपासणी होते त्यांत डाउन सिंड्रोम आहे. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मुलाचे हृदय, कान व डोळे तपासून घेता येतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेत किंवा पालकांच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. कोणत्या बाबींवर करावयाचा हे शासन निर्णयांत दिलेले आहे, आणि ते निर्णय ग्रामपंचायतीच्या दप्तरात असतात. वर्षअखेरीस घाईघाईने काही वस्तू वाटून हा खर्च दाखविण्यापेक्षा, आर्थिक वर्षाच्या आरंभीच शाळेचे मुख्याध्यापक, अंगणवाडी सेविका आणि ग्रंथपाल यांना बोलावून गावात अशी किती मुले व प्रौढ आहेत, त्यांना काय हवे आहे, हे पंचायतीने विचारावे. आणि शक्य असेल तेथे त्यांनाच विचारावे.

ग्रंथालयापुरते पहिले काम याहूनही लहान आहे. डाउन सिंड्रोम असलेला मुलगा किंवा मुलगी आईबरोबर ग्रंथालयात येते तेव्हा पुस्तक आईच्या कार्डावर दिले जाते. त्या मुलाचे स्वतःचे कार्ड करावे. अर्जावर नाव त्याने लिहावे. लिहिता येत नसेल तर नावाची पट्टी त्याने स्वतः उचलून चिकटवावी. पुस्तक परत करण्याची तारीख त्याला सांगावी, आणि उशीर झाल्यास इतर सभासदांप्रमाणेच त्याच्याकडूनही दंडाचे पैसे मागून घ्यावेत.